सूर चढवणारे रतिराम मास्तर

रतिराम मास्तरांच्या तेरवीची पंगत मोहाडीत त्यांच्या घरासमोरच्या मांडवात बसली होती, आणि पंगतीत विषय चालला होता तो मास्तरांच्या चुकीचा. माणसानं वीस वर्षं अ‍ॅकॉर्डियन वाजवला. तुमसरपासून साकोलीपर्यंत असं मोठं गाव नसेल जिथे त्यांच्या ऑर्केस्ट्रासाठी मांडव पडला नाही. आणि लोकांनी लक्षात काय ठेवलं? तर सिहोऱ्याच्या मंडईत एकदा त्यांचा हात चुकला.

"वाजवाले तं बम वाजवे मास्तर," माझ्या पलीकडचा एक म्हातारा भात कालवत म्हणाला, "पन सिहोऱ्याले जो घसरला, तं घसरलाच."

"उमर झाल्ती."

"उमर कायची गा? चाळीसचाही नव्हता तेव्हा. घमंड म्हना."

वाढायला मास्तरांची भाची शकुनबाई होती. हातात वरणाची बादली. ती थांबली, त्या दोघांकडे पाहिलं, त्यांच्या पानांवर वरण वाढलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तुम्ही होते न जी तिथं? तुम्हाले माहीत आहे काय झालं ते. मंग लिहा न. एवढे कागद छापता."

"सगळं लिहू?"

"सगळं. माझ्या आवाजाचंही लिहा. आता मले कोनाची भीती नाही."

म्हणून लिहितो आहे. हे लिहायला मला एकदा साफ मनाई झाली होती. ती मनाई मोडायची परवानगी शकुनबाईची आहे, हे आधीच नोंदवतो.

दुसरंही नोंदवतो. मी मास्तरांचा चाहता नव्हतो. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढणारा माणूस. तुमसरला कॉलेजात असताना आमचं पाचसहा जणांचं मंडळ होतं. आम्ही सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो आणि ती बाजारात, बसस्टँडवर, टॉकीजच्या दारात वाटायचो. रस्त्याच्या खड्ड्यांवर काढलं, रेशनच्या साखरेवर काढलं, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक ऑर्केस्ट्रावर काढलं. आमचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. तिथे पिढ्यानपिढ्या दंडार नाचली, खडी गंमत झाली, आपल्या माणसांनी आपली गाणी म्हटली. आता त्याच जागेवर चार पोट्टे चमकीचे शर्ट घालून मुंबईच्या सिनेमातली गाणी जशीच्या तशी म्हणतात, आणि दंडारवाला मागे भज्यांच्या दुकानाशी उभा राहून ऐकतो. हे चालू द्यायचं का? माझं मत आजही तेच आहे. मास्तर गेले म्हणून मत बदललं नाही.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ते मोहाडीजवळच्या एका धानगिरणीत फिटर होते. अंगानं किडकिडीत, मान लांब, बोटं माणसाच्या मानानं फारच मोठी. दिवसभर ग्रीस आणि कोंडा. कानाच्या पाळीत, भुवयांत, नखांत कोंडा. पण कार्यक्रमाच्या दिवशी पांढरे बूट. ते बूट शाळेच्या खडूनं पांढरे केलेले असायचे, त्यामुळे मास्तर स्टेजवर जिथे जिथे उभे राहत तिथे फळीवर पांढरे ठसे उमटायचे. कार्यक्रम संपल्यावर त्या ठशांवरून कळायचं की हा माणूस दोन फुटांच्या बाहेर हललेला नाही.

ते माणसांना सुरानं ओळखायचे. पेटीच्या पट्ट्यांची नावं माणसांना द्यायचे. मोहाडीतला चहावाला म्हणजे 'काळी एक'. त्यांची स्वतःची बायको रागावली की 'पांढरी पाच'. तहसीलच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्या माणसाबद्दल म्हणायचे, "तो कोनत्याच पट्टीत नाही. दोन पट्ट्यायच्या मंधातल्या फटीत आहे." माझी त्यांची पहिली ओळख झाली तेव्हा मी तावातावानं काही बोललो. ते शांतपणे ऐकून घेऊन शेजारच्याला म्हणाले, "काळी चार आहे पोरगा. पन भाता फुटका आहे. हवा लवकर जाते."

ऑर्केस्ट्राचं नाव होतं 'सप्तरंगी ऑर्केस्ट्रा, मोहाडी'. सात रंग कुठले? माणसं पाच. मास्तर अ‍ॅकॉर्डियनवर, सुखदेव नावाचा शिंपी बेंजोवर, एक ढोलकवाला, एक गिटारवाला, आणि गायला शकुन. शकुन म्हणजे मास्तरांच्या विधवा बहिणीची मुलगी. बहीण बिड्या वळायची. पोरीचा गळा मास्तरांनी तिच्या नवव्या वर्षी ओळखला आणि सोळाव्या वर्षी स्टेजवर आणला. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. मास्तर प्रत्येक कार्यक्रमाआधी, पडदा असो नसो, सगळ्या गावासमोर खाली वाकून शकुनच्या पायाला हात लावायचे. बाहेरून आलेल्या लोकांना वाटायचं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्याही पडायच्या. शकुनला त्या टाळ्यांची लाज वाटायची.

आता मुख्य आरोपाकडे येतो. आरोप असा, की हा माणूस प्रत्येक गाण्याचा सूर चढवायचा.

गाणं मुळात कसंही असो. सिनेमात ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच पट्टीत असो. मास्तरांच्या हातात आलं की पहिलं कडवं झाल्यावर ते अर्ध्या सुरानं वर जायचं. दुसऱ्या कडव्यानंतर आणखी अर्धा. शेवटच्या ध्रुवपदाला आणखी एकदा. प्रेमाचं गाणं चढायचं, विरहाचं चढायचं, अंगाईगीतसुद्धा चढायचं. मूल झोपायचं सोडून उठून बसेल अशा पट्टीला ती अंगाई जाऊन पोचायची. त्याची खूण ठरलेली होती. मास्तर उजवी टाच फळीवर दोनदा आपटायचे. धप्‌ धप्‌. सगळे वर. आणि सूर वर गेला की त्याच क्षणी मंडपात शिट्या. हे इतकं नेमकं होतं की मला वाटतं लोक गाण्यासाठी नाही, त्या दोन धपक्यांसाठी यायचे.

मी एकदा त्यांना गिरणीवर जाऊन विचारलं होतं. पत्रक लिहायच्या आधी समोरच्याची बाजू ऐकायची, हा आमच्या मंडळाचा नियम होता. तो पाळून आम्ही नंतर आमचंच लिहायचो, ती गोष्ट वेगळी.

"मास्तर, मूळ गाण्यात नाही ते तुम्ही कायले करता?"

"मूळ गाण्यात शंभर फिडल आहेत, म्हंजे व्हायोलिन. ऐकलं न तुम्ही? कडवं संपलं का शंभर फिडल एकदम येतात. अंगावर काटा येते. माझ्यापाशी काय आहे? एक सुखदेव. तो बी उद्या लगनाचे कपडे शिवाचे आहेत म्हनून अर्धा तिकडं." मास्तर हालरच्या, म्हणजे धान सडायच्या यंत्राच्या, तोंडाशी कान लावून बोलत होते. "शंभर फिडल कुठून आनू? मंग सूर चढवतो. लोकायले वाटते, काही तरी मोठं झालं."

"म्हणजे फसवणूक."

"हाव. पन चांगल्या पट्टीतली."

गाणी बसवायची त्यांची पद्धतही तशीच. घरी रेडिओ नव्हता. ते पानठेल्यावर उभे राहून रेडिओवर गाणं ऐकायचे आणि गिरणीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर सरगम लिहून घ्यायचे. एखादं गाणं दोनदा ऐकायला मिळायचं, एखादं एकदाच, आणि मधेच पानठेलेवाल्यानं स्टेशन बदललं की मधला तुकडा गेला. त्या गेलेल्या तुकड्याच्या जागी काय करायचं? चढवायचा सूर. मी त्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. सरगम, सरगम, मग मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेत एक वर जाणारा बाण.

त्यांचं एक वाक्य होतं. ते कुठेही म्हणायचे, लग्नात, बाजारात, मयतीलाही म्हटलेलं मी ऐकलं आहे. "लोकायले वरतं नेलं पाहिजे. खाली तं ते असतातच."

मी हे वाक्य पत्रकात घेतलं आणि त्याची चिरफाड केली.

गिरणीतच झालेला आणखी एक वाद सांगितला पाहिजे, कारण त्यात मी हरलो. हालरमध्ये धान भरलेलं असतं तेव्हा इंजिन दबक्या आवाजात चालतं. धान संपत आलं की ओझं कमी होतं आणि आवाज चढत जातो. मास्तर त्या चढत्या आवाजावरून आत किती धान उरलं ते न बघता सांगायचे. मला मुद्दा सापडला. मी म्हणालो, "बघा, तुमची गिरणीच सांगते. आवाज चढला म्हणजे आत काही उरलं नाही. तुमच्या गाण्याचंही तेच आहे."

मास्तर हसले. दात चांगले होते त्यांचे. "बरोबर आहे. धान सरलं का आवाज चढते. अन्‌ आवाज चढला का हमाल पोतं खाली ठेवते, पानी पेते, घरी जाते. सुटीचा आवाज आहे तो, पत्रकवाले. तुम्ही कधी पोतं वाह्यलं नाही म्हनून तुम्हाले रिकामा वाटते."

 

देवाधर्मातही त्यांनी हेच केलं. एकोडीला त्यांच्या सासुरवाडीत भजनाचा सप्ताह होता. समाप्तीच्या आरतीला पेटी वाजवणारा आजारी पडला म्हणून जावयाला बसवलं. भजनी मंडळातले सगळे साठीच्या पुढचे. पहिली आरती बरी झाली. दुसऱ्या आरतीला मास्तरांची टाच जमिनीवर दोनदा वाजली. म्हाताऱ्यांनी ओढून ताणून सूर गाठला. पुन्हा टाच वाजली. शेवटच्या कडव्याला निम्मे खोकत होते, निम्मे नुसत्या टाळ्या वाजवत होते, आणि सासरे एकटेच डोळे मिटून, मानेच्या शिरा ताणून म्हणत होते. आरती संपल्यावर सासऱ्यांनी प्रसादाचं ताट हातात घेऊनच विचारलं, "जावईबापू, कुठं नेऊन राहिले होते आम्हाले?"

"देव वरतंच राह्यते न जी. तिकडंच."

"आम्ही एवढ्यातच जानार आहोत तिकडं. घाई कायले करता?"

हे मास्तर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आपल्यावर हसण्यात त्यांना कमीपणा नव्हता. कमीपणा एकाच गोष्टीत होता. वाजवताना चूक. वीस वर्षांत त्यांचं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं नाही, असं ते सांगायचे आणि ते खरं होतं. सुखदेव चुकायचा, ढोलकवाला पिऊन यायचा, गिटारची तार तुटायची. मास्तर चुकत नसत. नवी सुपारी द्यायला कोणी आलं की ते गाणी किती, माणसं किती, हे सांगत नसत. म्हणायचे, "माझा हात चुकत नाही. बाकी तुम्ही पाहून घ्या." त्या एका वाक्यावर त्यांचं दुकान चालत होतं.

आता सिहोऱ्याची मंडई.

त्या वर्षी शकुन भंडाऱ्याला शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती. बिड्या वळणाऱ्या बाईची मुलगी मास्तरीण होणार, ही त्या घरात केवढी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको. दिवाळीनंतर तिला शाळेत जाऊन वर्गासमोर पाठ घ्यायचे होते. साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज गेला नाही तर पाठ नापास. आणि नेमका तिचा आवाज बसायला लागला होता. सकाळी उठली की घोगरा, चार वाक्यं बोलली की हवा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी घसा पाहून सांगितलं होतं की ताणून ताणून आत सूज आली आहे, वरच्या पट्टीतलं गाणं एकदम बंद. ऐकलं नाही तर आवाज कायमचा असाच राहील.

सिहोऱ्याची सुपारी आधीच घेतलेली होती. बहिणीनं अंगणात बसून बिड्या वळता वळता भावाला विचारलं, "पोरीची मास्तरकी घालवतं का?" मास्तरांनी तिला शब्द दिला. चारच गाणी, सगळी खालच्या पट्टीतली, आणि एकही चढवणार नाही. पेटीच्या पट्ट्यांवर हात ठेवून शब्द दिला. हे मला शकुनकडून नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी ते पत्रक काढलं नसतं, असं म्हणायला मला आवडेल. पण काढलं असतं. तेव्हा मी तसाच होतो.

पत्रकाचा मथळा होता, 'सूर चढतो, गाव उतरतो!' खाली मुद्दे घातले होते. पहिला, ही गाणी तुमची नाहीत. दुसरा, ही गाणी यांचीही नाहीत. तिसरा, नक्कल झाकायला एका गाण्यात तीन तीन वेळा सूर चढवला जातो. चौथा मुद्दा मी पदरचा घातला. 'नागरिकहो, मंडईत स्वतः मोजून पाहा!'

लोकांनी ऐकलं. माझं पत्रक वाचून लोकांनी शब्दशः काही केलं, असं ते एकदाच झालं.

मंडई दिवसाची असते. दुपारचे तीन असतील. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झालेल्या, त्यातच स्टेज बांधलेलं, फळ्यांखाली ड्रम. समोर माणसंच माणसं. शेंगोळ्या, जिलबी, पाळणा, धूळ. आमचे पाच जण गर्दीत पत्रकं वाटत फिरत होते. मी स्टेजच्या डाव्या अंगाला उभा होतो. आता लोक खवळतील, ऑर्केस्ट्रा बंद पाडतील, अशी माझी समजूत.

मास्तर वाकून शकुनच्या पाया पडले. टाळ्या झाल्या. पहिलं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. टाच वाजली नाही. सूर होता तिथेच राहिला.

गर्दीतून आवाज आला, "काहून गा मास्तर? भेले का कागदाले?"

हशा पिकला. दुसरं कडवं संपलं. टाच वाजली नाही. मग कोणीतरी माझं पत्रक डोक्यावर धरून हलवायला लागलं. मग दुसऱ्यानं. पाहता पाहता सगळीकडे माझी पत्रकं हलत होती आणि लोक ओरडत होते, "चढवा! चढवा! मोजाले बसलो आम्ही!"

मी बंद पाडायला आलो होतो आणि मी त्यांना खेळ शिकवला होता.

दुसऱ्या गाण्यालाही मास्तरांनी दम धरला. मंडईच्या कमिटीचा एक माणूस स्टेजच्या कडेला येऊन त्यांच्याशी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तो परत जाताना हात झटकून गेला. तिसरं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर मास्तरांनी गर्दीकडे पाहिलं. हजार तोंडं उघडी, हजार कागद वर. आणि टाच पडली. धप्‌ धप्‌.

"एऽऽक!" सगळी मंडई एका आवाजात.

इथे मास्तर चुकले. त्यांची चूक कोणती म्हणाल तर ही. दिलेला शब्द त्यांनी शिट्यांसाठी मोडला. कोणी त्यांना मोठेपणा द्यायला लागलं तर मी हे आधी सांगतो.

"दोऽऽन!"

शकुन मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरून गात होती. तिची मान पुढे आली होती. मी जवळ होतो म्हणून मला दिसत होतं, वरचा सूर लावताना ती खांद्यांनी लावत होती. गर्दीला ते दिसत नव्हतं. गर्दी मोजत होती.

"तीऽऽन!"

तिसऱ्या चढाला आवाज फाटला. फाटला म्हणजे एका अक्षरावर आवाज होता आणि पुढच्या अक्षरावर नुसती हवा आली. गर्दीच्या गोंगाटात ते बुडून गेलं. लोकांना वाटलं माइक खरखरला. शकुननं मामाकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, हात केला नाही, फक्त पाहिलं. खाली लोक पाय आपटायला लागले होते, फळ्या हादरत होत्या. "चार! चार! चार!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, अ‍ॅकॉर्डियन खाली उतरला. एकदम. चढवले होते तेवढे सगळे सूर एका झटक्यात उतरून पहिल्या पट्टीच्याही खाली. शकुननं तो खालचा सूर पकडला, जसा बुडणारा माणूस फांदी पकडतो.

पण उतरायची खूण त्या ऑर्केस्ट्रात नव्हतीच. वीस वर्षांत कधी उतरलेच नव्हते, तर खूण असणार कुठून? सुखदेवचा बेंजो वरच राहिला, गिटार वरच राहिली. सुखदेव इमानी माणूस. त्याला वाटलं मास्तर भटकले, त्यांना वाट दाखवावी, म्हणून त्यानं आणखी जोरात वाजवायला घेतलं. वरचा बेंजो आणि खालचा अ‍ॅकॉर्डियन एकमेकांवर असे आपटायला लागले की लहान पोरांनी कानांवर हात ठेवले. मास्तर थांबले नाहीत. खालच्याच पट्टीत, दात ओठ खात, त्यांनी गाणं शेवटपर्यंत नेलं. शकुन त्यांच्याबरोबर हळू, जाड, खोल आवाजात गात राहिली. तिचं ते गाणं कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. चांगलं होतं.

मग हुर्यो. चपला आल्या, जिलबीची ओली पानं आली. "मास्तर चुकला रेऽऽ!"

कमिटीवाले स्टेजवर चढले. "काय झालं जी मास्तर? पोरीनं घोळ केला का?"

"पोरीनं नाही." मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून काढला. "माझा हात चुकला."

"तुमचा?"

"हाव. माझा. माइकवर सांगू का?"

आणि ते माइकवर गेले आणि त्यांनी सांगितलं. "मंडळी, पोरीची काही चूक नाही. सुखदेवची नाही. माझा हात चुकला." पाच हजार माणसांसमोर म्हणा, दोन हजार म्हणा, मी मोजली नव्हती. माझं पत्रक त्यांच्या पांढऱ्या बुटाखाली होतं.

त्यानंतर सुपाऱ्या येणं कमी झालं. कोणी बोलवायला आला तरी मास्तरांना ते जुनं वाक्य म्हणता येत नव्हतं. दोन वर्षांत सप्तरंगी मोडला. सुखदेव शिलाईकडे पूर्ण वळला. पुढे की-बोर्डवाले नवे ऑर्केस्ट्रे आले. त्यांच्या यंत्राला सूर चढवायचं बटणच असतं. मंडई पुन्हा दंडारीकडे गेली का? नाही. आमचं मंडळही मोडलं.

शकुननं तो हिवाळाभर कोणाशीही कुजबुजण्याच्या वर बोलणं केलं नाही. पाठ पुढच्या सत्रात घेतले आणि पास झाली. आज ती मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत पाढे शिकवते. आवाज थोडा जाड आहे. मागच्या बाकापर्यंत जातो.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास, त्याच गिरणीत. मी तेव्हा कामगारांच्या सह्या गोळा करत होतो. गिरण्यांतल्या पट्ट्यांना आणि चाकांना जाळ्या बसवा, अशी मागणी होती. इंजिनावरून हालरपर्यंत जाणारे ते लांब कातडी पट्टे उघडेच फिरतात आणि दर हंगामात कोणाची ना कोणाची बोटं जातात. मास्तरांनी अर्ज वाचला. शेवटपर्यंत वाचला, मग सही केली. बोटं पूर्वीसारखीच लांब. केस मात्र गेले होते.

मी म्हणालो, "मास्तर, एक बोलायचं होतं. सिहोऱ्याचं. तुमचा हात चुकला नव्हता. मी जवळ होतो. तुम्ही मुद्दाम उतरवला. मला हे छापायचं आहे. माझ्या त्या पत्रकाबद्दलही छापायचं आहे."

ते पोत्यावर हात पुसत राहिले. "छापू नका."

"लोक अजून तुम्हाला हसतात."

"मले हसतात न? हसू द्या. तुम्ही छापलं तं लोक विचारतील, मास्तरनं मुद्दाम उतरवला, तं कायले उतरवला? मंग पोरीच्या गळ्यावर येते गोष्ट. तिची नोकरी आताच कायम झाली. कोनी साहेब तपासाले आला अन्‌ म्हनला, बाई, तुमच्या आवाजात दोष आहे म्हने, तं?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या कागदानं एकदा झालं तेवढं पुरे. माझा हात चुकला. असंच राहू द्या."

"पण ते खोटं आहे."

"मंग मी कधी म्हनलं खरं आहे म्हनून?"

तेवढ्यात आतून कोणी ओरडलं, "मास्तर, पट्टा पडला!" हालर बंद पडत होता, इंजिन मात्र मोकळं भणभणत होतं. इंजिन बंद करून पट्टा चढवायचा असतो. अर्जात आम्ही तेच लिहिलं होतं. मास्तर आत गेले. गळ्यातला गमछा काढून खुंटीला अडकवला, म्हणजे तो चाकात जायला नको. गरगर फिरणाऱ्या चाकाशी उभे राहून त्यांनी पडलेला पट्टा दोन्ही हातांत धरला आणि क्षणभर थांबले, बहुतेक चाकाचा ताल बघत असावेत. मग उजव्या हातानं पट्टा चाकाच्या कडेला असा टेकवला की चाकानंच तो ओढून घेतला. हात वेळेवर मागे आला. इंजिनाचा आवाज खाली बसला. हालरमधून तांदूळ पडायला लागला आणि मास्तर खाली बसून तांदळात कणी किती आहे ते बोटांनी पाहू लागले.